घरीच असते

माझं काम देशांना गुण देण्याचं आहे. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सहसा "डेटाचं काम करते" एवढंच बोलते आणि विषय तिथेच संपतो. पण खरं तेच आहे. कुठला देश आपल्या माणसांची आकडेवारी किती नीट गोळा करतो आणि ती किती मोकळेपणाने लोकांसमोर ठेवतो, याची आमची कंपनी दरवर्षी तुलना करते. त्यातले काही देश माझ्या वाट्याला येतात. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसून मी त्या देशांच्या सांख्यिकी कार्यालयांच्या वेबसाइट उघडते आणि ठरलेल्या प्रश्नांपुढे गुण भरत जाते. बेरोजगारीचा शेवटचा आकडा कधीचा आहे? तो तीन क्लिकमध्ये सापडतो का? तक्ता उतरवून घेता येतो की नुसता फोटो चिकटवला आहे? आकडा कसा काढला ते सांगितलंय का? मागाहून चूक सापडली तर तसं जाहीर केलंय, की जुना आकडा गुपचूप काढून नवा ठेवलाय?

या शेवटच्या प्रश्नाला येईपर्यंत माझा वेग बरा असतो. तिथे मी चहा करायला उठते.

श्रीमंत देशांच्या वेबसाइट सुंदर असतात. नकाशावर बोट नेलं की जिल्हे रंग बदलतात. त्यांना गुण देताना फार विचार करावा लागत नाही, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सगळ्यात देखण्या वेबसाइटवर चुका कधी झालेल्याच नसतात. या वर्षी माझ्याकडे समुद्रातला एक अगदी लहान देश आला. त्याची वेबसाइट हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं अशी होती, अर्ध्या लिंक बंद. मी मनातल्या मनात त्याला खालच्या गटात टाकून मोकळी झाले होते. मग बायकांच्या रोजगाराच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक टीप दिसली. काही गावांतल्या प्रगणकांनी, म्हणजे घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्यांनी, घरी बसून चटया विणणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत घातलं होतं, फेरतपासणीत ते आढळलं, म्हणून त्या गावांचे आकडे मागे घेत आहोत, असं तिथे लिहिलं होतं. कोणाचं नाव नव्हतं. चूक आमच्या प्रशिक्षणाची, एवढंच होतं.

मी त्या रकान्यात पूर्ण गुण भरले आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. आई पलीकडे दिवाणावर साडीला फॉल लावत होती. ती म्हणाली, "काय झालं? वेबसाइट उघडत नाही का?"

"उघडली," मी म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा प्रगणक होते.

एका संस्थेने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या निवडलेल्या घरांचं सर्वेक्षण हाती घेतलं होतं. घरात कोण काय काम करतं, किती तास करतं, एवढाच विषय. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि मला वाटलं होतं की बसून आलेख काढायचे असतील. पहिल्याच दिवशी हातात टॅब आणि गळ्यात ओळखपत्र देऊन बाहेर काढलं. दोघींची एक जोडी. माझ्या जोडीला बदलापूरजवळच्या खरवईची एक ताई होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, शेतकरी घरातली, एक मुलगी असलेली. टॅबवर लॉगिन तिचं होतं, कारण आधीचं एक सर्वेक्षण तिने केलेलं होतं.

माझं शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमात. मराठी घरात बोलण्यापुरतं. त्यामुळे पहिल्या घरात मी टॅबवरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं, "मागील सात दिवसांत आपण कोणत्याही आर्थिक कार्यात सहभागी होता का?"

पलंगावर बसलेले आजोबा म्हणाले, "आम्ही पार्टीबिर्टीत नाही हो."

बाहेर आल्यावर ताई भिंतीला धरून हसली. "मॅडम, तुम्ही बातम्या देताय का? आजोबा घाबरले ना!" त्या दिवसापासून मी मॅडम झाले आणि बोलायचं काम तिच्याकडे गेलं. मी टॅब धरायचे.

तिची पद्धत वेगळी होती. काम करता का, असं ती बायकांना कधीच विचारायची नाही. उंबऱ्याशी बसायची, पाणी मागायची आणि म्हणायची, "काकू, सकाळपासून काय काय झालं आज?" मग गप्प बसायची. बाई सांगत जायची. नळ आला, डबे केले, सासूबाईंच्या गोळ्या, मग जरा पापड लाटले. "कोणासाठी?" ताई सहज विचारायची. "त्या समोरच्या दुकानवाल्यासाठी." तिथे ताईची बोटं ओढणीखालून माझ्याकडे वळायची. तीन बोटं म्हणजे दिवसाचे तीन तास. मी भरायचे. बाईला कळायचंही नाही की आपण नाही म्हणता म्हणता हो म्हटलंय. "विचारलं की नाहीच म्हणतात," ताई म्हणायची. "आणि गप्प बसलं की सगळं सांगतात. तुला तर गप्प बसता येतं. तू फर्स्ट क्लास करशील."

मे महिन्यात आम्ही उल्हासनगरच्या एका कॅम्पात होतो; तिथल्या वस्त्यांना कॅम्पच म्हणतात. तिथे दुपारी गल्लीत शिरलं की शिलाई मशिनींचा आवाज येतो. जीन्सचं काम सगळीकडे. एक गल्ली अर्धी झाली आणि ताईला फोन आला, मुलगी सायकलवरून पडली, हनुवटीला टाके घालावे लागणार. ती लगेच निघाली. रिक्षात बसता बसता तिने टॅब माझ्या हातात दिला.

"पाच घरं राहिलीत. माझ्याच लॉगिनवर भरून टाक. सरांना बोलू नको, लॉगिन दुसऱ्याला दिलेलं चालत नाही. आणि घाई करू नको गं, बसून विचार."

पहिल्या घराचं दार उघडं होतं. आत एक बाई जमिनीवर बसून जीन्सचे धागे कापत होती. शिवून आलेल्या प्रत्येक पँटला सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे, घडी घालायची, पुढची घ्यायची. उल्हासनगरमध्ये किती घरांत हे चालतं ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. मी दारात उभी राहिले, ओळखपत्र दाखवलं. तिने कात्री पदराखाली घेतली आणि उठता उठता डाव्या पायाने पँटांचा गठ्ठा दाराआड सारला. न बघता, एका हालचालीत.

तो पाय मला ओळखीचा होता.

आम्ही आधी उल्हासनगरमध्येच राहायचो, अशाच एका गल्लीत. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. आई धागे कापायची. दुपारी गठ्ठा यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जायचा, आणि मधल्या वेळात कोणी दार वाजवलं की आई पायाने तो पलंगाखाली ढकलायची. पलंगावरची चादर त्यासाठीच जमिनीला टेकेल इतकी लांब ठेवलेली. माझं काम केरसुणीने निळे धागे गोळा करण्याचं. लपवायचं असं कोणी मला सांगितल्याचं आठवत नाही. पण शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे इंग्रजीत 'हाउसवाइफ' लिहायचं हे मला माहीत होतं, आणि वर्गात कोणी विचारलं तर "आई घरीच असते" म्हणायचं हेही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया बँकेत होत्या, नाहीतर खरोखरच घरी होत्या. आमच्यासारखी तिसरी तऱ्हा तिथे बोलण्यात नव्हती. आणि ती शाळा बऱ्याच अंशी त्या कात्रीवर चालली होती.

तर मी त्या दारात उभी होते. ती बाई म्हणाली, "बोलो दीदी."

मी विचारलं, "आप कुछ काम करती हैं?"

"नहीं दीदी. घर पे ही रहते हैं."

इथे नियमाने पुन्हा विचारायचं असतं. एक तास तरी? कोणासाठी काही शिवून, विणून, भरून दिलं का? ताई असती तर तिथेच बसली असती. माझ्यासमोर दाराआडून एक निळा पाय बाहेर आलेला दिसत होता, पँटचा. तिच्या पदराला धागे चिकटलेले होते. मी टॅबवर 'फक्त घरकाम' हा पर्याय दाबला, आभार मानले आणि पुढच्या दारात गेले. पाचही घरांत गठ्ठे होते. पाचही घरांत मी तेच एक वाक्य विचारलं, तेच उत्तर घेतलं. वीस मिनिटांत गल्ली संपली. बसले कुठेच नाही.

घरी जाताना मी स्वतःला सांगितलं की त्या लपवत होत्या आणि मी त्यांची लाज राखली. असं वागणं आमच्या घरात बरोबरच होतं. पण ते पुरतं खरं नाही. 'हो' दाबलं असतं तर पुढे वीस प्रश्न उघडले असते, माल कोण देतो, दिवसाचे किती तास, घरातलं आणखी कोण हात लावतं. हिंदीत, अनोळखी बाईच्या घरात, एकटीने. मला ते नको होतं. मला तिथून निघायचं होतं.

महिन्याभराने फेरतपासणी झाली. आमचे पर्यवेक्षक म्हणजे निवृत्त झालेले एक सर, स्कूटरवरून फिरायचे. बदलापूरला एका दुकानावरच्या खोलीत आमची बैठक असायची. त्या दिवशी ते आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलायला लागले.

"पँटांच्या ढिगावरून उडी मारून मी आत गेलो. उडी! या वयात. आणि फॉर्म म्हणतो पाच घरांत एकही बाई काम करत नाही. हे लॉगिन कोणाचं?"

सगळ्यांना माहीत होतं कोणाचं. ताई खुर्चीवरून उठली. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते, हातात भरलेला पेला. मला वाटलं ती आता सांगेल. बहुतेक मी वाट बघत होते की तिने सांगावं, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"माझंच आहे सर," ती म्हणाली. "माझ्याकडून राहिलं."

"राहिलं म्हणजे? गेला होतात की नाही गल्लीत?"

सरांनी तिच्या नावापुढे शेरा लिहिला. पुढच्या फेरीत तिला घेतलं नाही. मी सर्वेक्षण संपेपर्यंत राहिले, दुसऱ्या एका मुलीच्या जोडीने, आणि शेवटी मला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं. नोंदी अचूक आणि काळजीपूर्वक, असं त्यात लिहिलेलं होतं. आत्ताच्या कंपनीने मुलाखतीत ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

ताईला मी त्यानंतर दोनदा फोन केला. एकदा मुलीच्या हनुवटीबद्दल विचारायला आणि एकदा दिवाळीला. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून केला होता.

या वर्षी, त्या लहान देशाची टीप वाचल्यावर आठवड्याभरातच, तिचा आवाजी मेसेज आला. "मॅडम, ओळखलं का? आपल्या सरांचं नवीन काम निघतंय. माझं नाव घेत नाहीयेत, जुना शेरा आहे ना. तुझं ते ऐकतात. एक शब्द टाकशील का? मुलगी आठवीत गेली, मला आता गेटवर उभं राहून पुरत नाही." मागे गाडीचा हॉर्न वाजत होता.

आम्ही शिवमंदिराच्या रस्त्याला भेटलो, बेल-फुलांच्या दुकानांपुढे, रसवाल्याच्या बाकावर. ताई खाकी पँट आणि शर्टमध्ये होती. खरवईला नवीन टॉवर झालेत, त्यातल्या एकाच्या गेटवर ती वॉचमनच्या कामाला लागली होती. तिच्या सासऱ्यांची भातशेती त्याच रस्त्याला होती, हेही तिने हसत सांगितलं.

"आणि तू काय करतेस? लोक म्हणतात फॉरेनचं काम करतेस."

मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. ताई पुढे सरकून ऐकत होती.

"म्हणजे तू देशांना मार्क देतेस?"

"हो. त्यांचे आकडे कसे आहेत त्याचे."

"आणि आपल्याला किती?"

"आपला देश माझ्याकडे नसतो. आपापला देश तपासायचा नाही, असा नियम आहे."

"हुशार आहेत," ती म्हणाली. "बरं, माझ्या रजिस्टरला मार्क दे. गाडी नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. दोन वर्षांत एक रकाना रिकामा नाही. एक साहेब सही करायला तयार नव्हता, त्याची गाडी दहा मिनिटं उभी ठेवली. तो म्हणतो, मला ओळखत नाही का? मी म्हटलं, मी ओळखते हो, रजिस्टर ओळखत नाही."

मी हसले आणि मग मला हसवेना. रसाचा ग्लास हातात गार होता. मी तिला म्हटलं, "ताई, ती पाच घरं."

"सोड ना आता. ऊन किती होतं त्या दिवशी. मला तेव्हाच कळलं, तू गल्लीत गेलीच नाहीस. कोपऱ्यावर कुठेतरी सावलीत बसून भरलंस. नवीन असताना सगळे करतात. मीपण केलंय एकदा. सर बोलले असते की घरी बसून खोटं भरलं, तर तुझं करिअर सुरू व्हायच्या आधीच बंद. म्हणून मी गप्प बसले."

दोन वर्षं तिने माझ्यासाठी ही गोष्ट तयार करून ठेवली होती, आणि ती माझ्या सोयीची होती. मान हलवली असती तर झालं असतं.

"मी गेले होते," मी म्हटलं. "पाचही घरांत गेले. गठ्ठे बघितले. एका बाईने माझ्यासमोर पायाने ढकलला."

ताईने ग्लास खाली ठेवला. "मग?"

"मग नाही लिहिलं."

"का?"

मी आईचं सांगितलं. पलंगाखालचं, चादरीचं, शाळेच्या फॉर्मचं. मला विचारायची लाज वाटली तेही सांगितलं. हे सगळं बोलताना मी समोरच्या दुकानातल्या बेलाच्या जुड्या मोजत होते. तिच्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा बंद झाला होता.

"न जाता भरलं असतंस तर बरं होतं," ती म्हणाली. "आळस केलास, एवढंच झालं असतं. तू जाऊन, डोळ्यांनी बघून नाही लिहिलंस. स्वतःच्या आईला नाही म्हटलंस. आणि मी तुझ्यासाठी दोन वर्षं गेटवर."

ती उठली. रसाचे पैसे माझ्या आधी देऊन चालायला लागली. शब्द टाकशील का, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

मी त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशी पत्र लिहिलं. हाताने, मराठीत. शाळेनंतर एवढं मराठी मी सलग लिहिलं नव्हतं. गल्ली, पाच घरं, दिवस, ताई तिथे नव्हती, नोंदी मी केल्या, गठ्ठे पाहूनही 'फक्त घरकाम' लिहिलं. खाली सही. ते घेऊन बदलापूरच्या त्या दुकानावरच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे आत्ता का देताय?"

"आधी द्यायला हवं होतं."

"ते दिसतंय मला," ते म्हणाले. "पाच घरं म्हणजे पाच घरं नसतात, माहीत आहे ना? सगळ्यांकडे आपण जात नाही. जिथे जातो ते एकेक घर मागच्या कितीतरी घरांच्या जागी उभं असतं. तुम्ही एका बाईचं नाही लिहिलंत की मागच्या सगळ्यांचं नाही झालं."

मला माहीत होतं. बी.एस्सी.ला मी ते शिकले होते, त्या पेपरात मला चांगले गुण होते. त्या पाच दारांमागे उभ्या असलेल्या गल्ल्यांतली एक आमची होती, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

"दुरुस्ती देता येईल का सर? अहवालात एखादी टीप?"

ते हसले, वाईट नाही, दमल्यासारखं. "अहवाल केव्हाच गेला. टीप द्यायला आपण काय देश आहोत का मॅडम? पण फाइलला लावतो." मग त्यांनी पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "यात एक आहे. बाईंनी तुम्हाला लॉगिन दिलं, हे तुम्ही लिहून देताय. तोही नियमभंगच. तुम्ही त्यांना सोडवताय की अडकवताय?"

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. खरं सांगायच्या नादात मी पुन्हा तिचंच नाव पुढे केलं होतं. माझा चेहरा बघून सरांनी पत्र घडी करून ठेवलं.

"मुलीला लागलं होतं ना तेव्हा? आठवतंय मला. टाके दाखवले होते तिने. या सोमवारी ट्रायल ठेवलीय, त्यांना बोलवतो. सगळ्यांसमोर एक मुलाखत घ्यायची, खरोखरची वाटेल अशी. नीट केली तर बघू. तुमचं नाव मात्र आमच्या यादीत परत येणार नाही."

"हो सर."

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. आई दिवाणावर साड्या घेऊन बसली होती. आता जीन्स नाही, इथल्या एका दुकानाच्या साड्यांना ती फॉल लावते. मी दार उघडायला गेले आणि मागे वळून बघितलं, तर आईचा पाय पिशवी दिवाणाखाली सारत होता.

दारात ताई होती, पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी नीट पिन केलेली. माझ्याशी ती बोलली नाही. आत येऊन आईला नमस्कार केला.

"काकू, मी हिच्याबरोबर कामाला होते. उद्या माझी ट्रायल आहे. कोणावर तरी प्रॅक्टिस करायचीय. तुम्ही चालाल?"

"मी कसली?" आई म्हणाली. "मी घरीच असते."

"मग बरंच आहे." ताई खुर्ची सोडून खाली, दिवाणाजवळ बसली. "पाणी द्या आधी. आणि सांगा, सकाळपासून काय काय झालं आज?"

आई सांगू लागली. पाणी भरलं, यांचा डबा, यांना सुट्टी शुक्रवारी, आज रविवार म्हणून इडल्या, हिची रविवारीसुद्धा मीटिंग असते म्हणून मिक्सर आधी लावून घेतला. "मग जरा बसते," आई म्हणाली, "हातात काहीतरी घेऊन."

ताई काहीच बोलली नाही. मी टेबलापाशी उभी होते. मला वाटत होतं आपण सांगावं, खाली वाकून पिशवी बाहेर काढावी. पण ताईने न वळता माझ्या दिशेने तळहात उघडला. थांब.

पंखा फिरत होता. आईने माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे, मग खाली, जिथे ताईचा गुडघा चादरीला लागला होता. आणि त्याच पायाने, अंगठ्यात पिशवीचा बंद अडकवून, तिने ती बाहेर ओढली.

"फॉल लावते," ती म्हणाली. "दुकानाच्या साड्या आहेत."

"छान टाका आहे," ताई काठ बोटांत धरून म्हणाली. "रोज बसता?"

"रोज. दुपारचं आवरलं की."

ओढणीखालून ताईची चार बोटं माझ्याकडे आली. माझ्या हातात टॅब नव्हता. मी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं, चार.

"आणि आधी जीन्सचे धागे कापायचे," आई म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "हिची दहावी होईपर्यंत. तेही सांगायचं का?"

"नाही काकू. मागच्या सात दिवसांचंच विचारतात."

"मग राहू दे," आई म्हणाली, जरा नाराज होऊन.

ताई चहा पिऊन गेली. जाताना चपला घालता घालता मला म्हणाली, "तुझी आई चांगली बोलते. तूच कधी बसली नाहीस."

सोमवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला. झालं. पुढच्या आठवड्यापासून. जोडीला नवीन मुलगी आहे, टॅब मीच धरणार. मॅडम हा शब्द त्यात नव्हता. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला आणि मग आईला सांगितलं की ताईला काम मिळालं.

आई साडी उजेडाकडे धरून टाके बघत होती. "तिला कळव," ती म्हणाली, "मी चार तास सांगितले, ते नेहमीचे. आता लग्नसराई चालू आहे. सहा होतात."

"आई, ती प्रॅक्टिस होती. तिने ते कुठे पाठवलं नाही."

"असू दे. तिच्याकडे चार आहेत ना? मग चुकीचं कशाला राहायचं?"

मी फोन उचलला आणि ताईला लिहिलं, आईचे सहा तास कर. नंतर टेबलावरचं विजेचं बिल उलटं केलं. चारावर एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सहा लिहिले.